‘बाहेरचं आहे’ म्हणता ना? मग ते बाहेरचं नीट तपासू या

आरोग्य पान : वर्षावासातील पाठ
अन्न, हवा, औषधे आणि आपले मन



विहारात ग्रंथवाचन संपले की दोन-चार जणी मागे थांबतात. आवाज खाली करून विचारतात, “ताई, रात्रभर झोप लागत नाही.” “पोरगा उगाच अंगावर धावून येतो.” “छातीत धडधडतं, आता मरते की काय असं वाटतं.” “सासूबाई एकट्याच बडबडतात.” मग मी विचारते, घरचे काय म्हणतात? उत्तरे तीनच असतात. ‘टेन्शन घेते’, ‘नाटक करते’, नाहीतर ‘तिला बाहेरचं आहे’.

यातले तिसरे उत्तर आज आपण पकडू या. मनाच्या त्रासाचे कारण कधीकधी खरोखरच बाहेरचे असते. मात्र ते भूत, करणी किंवा नजर नसते. ते ताटात असते, खोलीच्या ओल्या भिंतीत असते, कारखान्याच्या खात्यात असते, कधी तर औषधाच्या पाकिटात असते. कारणाशिवाय काही घडत नाही आणि कारण दूर झाले की दुःख दूर होते, हे तथागतांनी सांगितले. ऐकीव गोष्ट मानू नका, तपासून पाहा, हे त्यांनी कालामांना सांगितले. आरोग्याच्या बाबतीतही आपला रस्ता हाच आहे.

सुरुवातीलाच एक इशारा देते. मनाचा प्रत्येक आजार अन्नाने किंवा हवेने होत नाही. कर्ज, बेकारी, नवऱ्याची मारहाण, जातीवरून झालेला अपमान, जवळच्या माणसाचा मृत्यू, घराण्यात असलेला आजार ही कारणे मोठी आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार आढळला आणि त्यातल्या बहुसंख्य लोकांना उपचारच मिळत नव्हते. म्हणून हा पाठ वाचून कोणीही मानसोपचाराच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. त्या चालू ठेवून बाकीची कारणेही शोधायची, एवढेच इथे सांगायचे आहे.

चार शब्द आधी वेगळे करू

बोलताना आपण सगळ्यालाच ‘ॲलर्जी’ म्हणतो. त्यात चार निरनिराळ्या गोष्टी येतात.

१. ॲलर्जी : शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजते. अंगावर गांधी उठतात, शिंका येतात, दमा उसळतो. कधी ओठ-जीभ सुजून जीवावर बेतते.

२. न मानवणे : ‘मला दूध मानवत नाही’ असे आपण म्हणतो ते हेच. पचन होत नाही, पोट फुगते, जुलाब होतात. त्रास खरा असतो, पण जीवावर बेतत नाही.

३. कमतरता : लोह, बी-१२ असे काही शरीराला पुरेसे मिळत नाही किंवा आतड्यात शोषले जात नाही.

४. विषबाधा : शिसे, धूर, गॅस किंवा रसायन शरीरात जाते. इथे प्रश्न कोणा एकाच्या नाजूक प्रकृतीचा नसतो. पुरेशा मात्रेत गेले तर ते कोणालाही बाधते.

या चौघांचा मनाशी संबंध कसा येतो? मेंदू हा शरीराचाच अवयव आहे. त्याला रक्त, प्राणवायू, साखर, जीवनसत्त्वे आणि झोप लागते. यातले एक तुटले तरी विचार, राग, आठवण आणि हुरूप यांवर परिणाम होतो. रात्रभर खाज किंवा खोकला असेल तर झोप जाते, आणि सलग झोप गेली की शांत माणूसही चिडका होतो. पोट आणि मेंदू नसांनी जोडलेले आहेत. म्हणून पोट बिघडले की मन अस्वस्थ होते आणि मन घाबरले की पोट बिघडते. ही ये-जा दोन्ही बाजूंनी चालते.

ताटातील कारणे

बी-१२ ची कमतरता. हे जीवनसत्त्व अंडी, मासे, मटण, कलेजी आणि दूध यांतून मिळते. भाजी, भाकरी, डाळीत ते नसते. ते कमी पडले की पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, जीभ लाल होऊन झोंबते. त्याचबरोबर उदासी, चिडचिड, विसराळूपणा येतो. काहींना भास होतात, संशय येतो.

एका वस्तीतली पन्नाशी ओलांडलेली बाई मला आठवते. मधुमेहासाठी आठ वर्षे मेटफॉर्मिन चालू, आम्लपित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल, दात पडल्यामुळे जेवण म्हणजे चहा-पाव आणि वरणभात. कोणीतरी आपल्याशी बोलते असे ती म्हणू लागली. घरच्यांनी तिला दोन वेळा देवऋषीकडे नेले. मी तिला एकच जादा प्रश्न विचारला, पायांना काय वाटते? ती म्हणाली, “कापसावर चालल्यासारखं.” रक्त तपासले तर बी-१२ फार कमी होते. मानसोपचार तज्ज्ञांच्या गोळ्या आणि बी-१२ ची इंजेक्शने दोन्ही सुरू झाली आणि काही महिन्यांत बाई स्वयंपाकाला उभी राहिली.

मेटफॉर्मिन आणि पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकते. म्हातारी माणसे, दारू पिणारे आणि मांसाहार सोडलेले लोक यांनाही धोका असतो. गोळ्या सोडू नका, पण डॉक्टरांना ‘बी-१२ तपासू या का?’ असे विचारा. उशीर झाला तर नसांची झीज पूर्ण भरून येईलच असे नाही. शिवाय नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसांची हानी मात्र आत चालूच राहते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलते. भाड्याची खोली मिळावी म्हणून, शेजारी नाक मुरडतात म्हणून, आपल्यातल्या काही घरांनी अंडे, सुकट, बोंबील, वजरी, कलेजी शिजवणे बंद केले आहे. स्वतःच्या विचाराने कोणी शाकाहार पत्करला असेल तर त्याचा मान राखू. त्यांनी दूध-दही आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ ची गोळी घ्यावी. पण लाजेपोटी मुलांच्या ताटातले स्वस्त पोषण काढून टाकू नका. सुकटीची चटणी आणि उकडलेले अंडे यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. गरोदर बाईने कलेजी मात्र वारंवार खाऊ नये.

लोह आणि थायरॉइड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे विहारात बसलेल्या दर दोन बायकांमागे एक. थकवा, धाप, धडधड, कशात लक्ष न लागणे, रडू येणे ही लक्षणे रक्तक्षयाचीही आहेत आणि नैराश्याचीही. हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय कोणत्याही बाईला ‘आळशी’ म्हणू नये. लोहाची गोळी किंवा जेवण यांच्याबरोबर चहा घेतला तर लोह नीट शोषले जात नाही. चहा तास-दीड तास लांब ठेवा आणि जेवणात लिंबू पिळा. थायरॉइड मंद असेल तर सुस्ती आणि उदासी येते, जास्त चालत असेल तर घबराट, थरथर आणि वजन घटणे दिसते. दोन्हीचा शोध टीएसएच या रक्त तपासणीने लागतो.

गहू. काही लोकांच्या शरीराला गव्हातले ग्लूटेन हे प्रथिन सोसत नाही. आतड्याचे अस्तर झिजते. या आजाराला सिलिॲक म्हणतात. वारंवार जुलाब, वजन न वाढणे, गोळ्या घेऊनही न भरणारे रक्त आणि त्याबरोबर किरकिरेपणा, उदासी अशी त्याची खूण आहे. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला आणि या आजाराची मुले उलट सुधारू लागली. पाव परत आला तशी मुले पुन्हा आजारी पडली. त्यातून हा संबंध पक्का होत गेला.

आपल्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. एक, तपासणीच्या आधी गहू बंद करू नका, नाहीतर तपासणीत आजार दिसतच नाही. दोन, आजार निघालाच तर महागड्या पाकिटांची गरज नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लूटेन नसते. फक्त दळण गव्हाच्या चक्कीवर दळू नका, पीठ मिसळते. ज्यांना हा आजार नाही त्यांनी फॅशन म्हणून चपाती सोडण्याचे कारण नाही.

दूध. मोठेपणी दुधातली साखर न पचणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. दुधाने पोट गुडगुडते आणि कामावर संडासाची सोय नसेल तर त्या धास्तीनेच माणूस अस्वस्थ राहतो. अशांना दही किंवा ताक बहुधा मानवते.

उत्तेजक पदार्थ. दिवसाला आठ-दहा कप चहा, रात्रपाळीत किंवा डिलिव्हरीच्या कामात जागे राहायला एनर्जी ड्रिंक, आणि मग ‘झोप येत नाही, धडधडतं’ अशी तक्रार. चहा-कॉफीतल्या कॅफिनपैकी निम्मे पाच-सहा तासांनंतरही रक्तात असते. संध्याकाळनंतर चहा बंद करून पंधरा दिवस पाहा. मशेरी लावणाऱ्या भगिनींनीही लक्षात घ्यावे की सकाळची चिडचिड आणि डोके जड होणे ही तंबाखूची तलफ असते. मशेरीने ती ‘शांत’ होते, कारण ती मशेरीनेच लावलेली असते.

रंगीत खाऊ. २००७ साली इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन येथे झालेल्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने मुलांची चंचलता थोडी वाढलेली दिसली. त्यानंतर युरोपात अशा रंगांच्या खाऊवर इशारा छापणे सक्तीचे झाले. परिणाम थोडा आहे आणि सगळ्या मुलांत सारखा नाही. म्हणून मुलाला मारण्याआधी गोळा, पेप्सीकांडी, रंगीत नळ्या महिनाभर बंद करून पाहायला हरकत नाही. खर्चही वाचतो.

शहाडच्या हवेतला धडा

आता आपल्या अंगणात येऊ. शहाडला १९५० च्या दशकापासून रेयॉनचा कारखाना आहे. पलीकडे मोहने-आंबिवलीला एनआरसीचा रेयॉन कारखाना होता, तो २००९ मध्ये बंद पडला. आपल्या किती घरांतली चूल या दोन कारखान्यांवर पेटली! म्हणून रेयॉन कसे बनते आणि त्याचा मनाशी काय संबंध आहे, हे आपल्याला माहीत असलेच पाहिजे.

लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोड्याची आणि कार्बन डायसल्फाइडची, म्हणजे ‘सीएस-टू’ची प्रक्रिया करतात. मधासारखा घट्ट द्रव तयार होतो. तो बारीक छिद्रांतून आम्लाच्या टाकीत सोडला की धागा बनतो. त्या वेळी सीएस-टू आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. जगभर ज्यांनी ज्यांनी या पद्धतीने रेयॉन काढले त्या सर्वांपुढे हा प्रश्न आलेला आहे.

सीएस-टूचा मेंदूवर परिणाम होतो हे कळून दीडशेहून जास्त वर्षे झाली. पॅरिसचे डॉक्टर ऑगस्त देलपेश यांनी १८५६ मध्ये रबर कामगारांचे वर्णन लिहिले, कारण रबराच्या कामातही हे रसायन वापरत असत. डोकेदुखी, भयानक स्वप्ने, अकारण संताप, विसर, कामवासना मंदावणे, पायांतली ताकद जाणे. काही कामगार भ्रमिष्ट झाले. कामगारांनी भ्रमात उडी मारू नये म्हणून रबर कारखान्यांच्या खिडक्यांना गज बसवल्याची नोंद इंग्लंडमधील डॉक्टर थॉमस ऑलिव्हर यांनी केली आहे. खिडकीला गज लावले, हवा मात्र तशीच ठेवली. पुढे अमेरिकेत डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी रेयॉन कामगारांचा हाच प्रश्न लावून धरला.

दक्षिण कोरियाचे उदाहरण तर कालपरवाचे आहे. तिथल्या वोनजिन रेयॉन कारखान्यात जपानमधली जुनी यंत्रे आणून बसवली होती. कामगारांना अर्धांगवायू, स्मृती जाणे, मानसिक आजार झाले. एकेकटा कामगार आधी घरातच ‘बिघडलेला माणूस’ म्हणून राहिला. कामगार आणि त्यांच्या बायका एकत्र आल्यावर, डॉक्टरांनी साथ दिल्यावर तो कामामुळे झालेला आजार म्हणून मान्य झाला. १९९३ मध्ये कारखाना बंद झाला, शेकडो कामगारांना भरपाई मिळाली आणि त्या लढ्यातून कामगारांसाठी रुग्णालयही उभे राहिले. यंत्रे मात्र पुढे चीनला विकली गेली.

यातून आपण काय घ्यायचे? घाईने निष्कर्ष काढायचा नाही. वरचे आजार बंद खात्यात वर्षानुवर्षे जास्त मात्रेत गॅस घेणाऱ्या कामगारांचे आहेत. वस्तीत कधी कधी वास येतो म्हणजे सगळ्यांना विषबाधा झाली असे होत नाही. पण वासानेही डोके दुखते, मळमळते, झोपमोड होते, लेकरांची काळजी लागते. तो त्रास कल्पनेतला नाही. दुसरे, हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ‘वास गेला, म्हणजे गॅस गेला’ असे समजून नाल्यात, टाकीत किंवा गटारात कोणी उतरू नये. गटारात उतरून मेलेले बहुतेक आपलेच भाऊ असतात.

घरात कोणी रेयॉन, रबर, रंग, बॅटरी किंवा सॉल्व्हंटच्या कामात असेल आणि त्याचा स्वभाव वर्ष-दोन वर्षांत बदलला असेल, तर डॉक्टरांना आजार सांगताना काम आधी सांगा. कोणते खाते, किती वर्षे, कोणते रसायन, सुट्टीत बरे वाटते का. आपले डॉक्टर हा प्रश्न क्वचितच विचारतात. सीएस-टूची विषबाधा कायद्यानेच सरकारला कळवण्याच्या आजारांच्या यादीत आहे आणि नुकसानभरपाईच्या कायद्यातही आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणणे आणि कामगारांचा आरोग्य विमा आखणे ही कामे त्या काळातली आहेत. त्यातून पुढे १९४८ चा ईएसआयचा कायदा आला. तेव्हा ठेकेदाराकडे काम करणाऱ्या पोराला विचारा, तुझे ईएसआय कार्ड आहे का? नसेल तर युनियनकडे, कामगार कार्यालयाकडे चला. ती भीक नाही, हक्क आहे.

शिसे. जुने रंग खरवडणे, बॅटरी फोडणे, भंगार वितळवणे या कामांतून शिसे अंगात जाते आणि कपड्यांवरून घरी येते. मोठ्यांना पोटदुखी आणि चिडचिड, लहान मुलांना मात्र बुद्धीचे आणि एकाग्रतेचे कायमचे नुकसान. २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरवली आहे, पण भिंतीवरचे जुने पोपडे जुनेच आहेत. असे काम करणाऱ्याने कपडे बदलून, हातपाय धुऊनच लेकराला उचलावे. ते कपडे वेगळे धुवावेत.

स्फोटानंतरचे मन. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत रसायन सोडल्यामुळे उल्हासनगरात शेकडो लोक उलट्या, चक्कर आणि श्वास कोंडल्यामुळे रुग्णालयात गेले. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ ला भीषण स्फोट झाले. २३ सप्टेंबर २०२३ ला शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टँकरचा स्फोट होऊन कामगार दगावले. अशा घटनेनंतर फटाका वाजला तरी दचकणे, तेच स्वप्न पडणे, त्या रस्त्याने जाणे टाळणे, मुलाचे पुन्हा अंथरूण ओले करणे हे महिनाभरानंतरही चालू राहिले तर तो उपचाराने बरा होणारा आजार आहे. ‘मर्द माणूस, काय घाबरतो’ असे म्हणून त्याला गुत्त्याकडे ढकलू नका.

खोलीतली हवा

पावसाळ्यात आपल्या भिंती ओल धरतात, बुरशी काळी पडते, कपडे आतच वाळतात. त्यातून दमा आणि सर्दी उसळते. दम्याचा झटका आणि घबराटीचा झटका यांची लक्षणे सारखी वाटतात : श्वास कोंडणे, छाती आवळणे, घाम. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. छातीत शिट्टी वाजत असेल तर दमा समजून लगेच पंप द्या. ‘घाबरते’ म्हणून बसवून ठेवू नका.

दारे-खिडक्या बंद करून मच्छर अगरबत्ती, धूप किंवा चूल लावू नका. त्यामुळे सकाळी डोके जड आणि मन मंद राहते. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर जीव घेते. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, नाका-तोंडाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने पुसा. गाद्या ऊन मिळेल तेव्हा टाका.

उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत झोप होत नाही आणि भांडणे वाढतात. मानसिक आजाराच्या काही औषधांनी घाम कमी येतो. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी कमी झाले तर औषधाचे प्रमाण रक्तात विषारी होऊ शकते. हात फार थरथरणे, तोल जाणे, उलट्या-जुलाब, गुंगी दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पाकिटातल्या गोळ्याही सांगा

ॲलर्जीवर सर्रास दिली जाणारी मॉन्टेल्युकास्ट ही गोळी काही जणांत वाईट स्वप्ने, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार आणते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. बहुतेकांना काही होत नाही. पण गोळी सुरू झाल्यावर मुलाचा स्वभाव बदलला तर डॉक्टरांना लगेच सांगा. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी झोप उडते, मन अति उत्साही किंवा उदास होते. त्या मात्र आपल्या मनाने अचानक बंद करणे धोक्याचे आहे. दम्याच्या पंपाने थोडा वेळ हात थरथरतात, धडधडते. ती घबराट नव्हे. डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या.

पैसे कुठे घालवू नयेत

• शंभर-दोनशे पदार्थांची ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ तपासणी हजारो रुपयांना विकतात. त्यात आयजीजी नावाचे घटक मोजतात. तो पदार्थ तुम्ही खाता एवढेच त्यातून कळते. ॲलर्जी त्यावरून सिद्ध होत नाही.
• केस किंवा बोटांवरून ॲलर्जी सांगणारी यंत्रे.
• भगत, देवऋषी, गंडे-दोरे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.
• एकदम दहा पदार्थ बंद करणे. त्यातून नवा अशक्तपणाच पदरी पडतो.

वहीची पद्धत

आपल्याकडे प्रयोगशाळा नाही, पण शाळेची जुनी वही आहे. पंधरा दिवस रोज पाच गोष्टी लिहा : काय खाल्ले-प्याले; कुठे आणि कोणत्या हवेत काम केले; कोणती औषधे घेतली; झोप किती झाली; मन कसे होते, शून्य ते दहा. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या.

पंधरा दिवसांनी वही वाचा. संशय एखाद्या पदार्थावर गेला तर तो एकच पदार्थ दोन-तीन आठवडे बंद करा, मग पुन्हा सुरू करून पाहा. बंद केल्यावर बरे आणि सुरू केल्यावर पुन्हा त्रास, असे दोन्ही झाले तरच कारण सापडले म्हणायचे. एका दिवसाच्या अनुभवावर निर्णय नको. गव्हासाठी ही पद्धत वापरू नका, आधी तपासणी करा. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारातले मुख्य अन्न डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. ज्या पदार्थाने एकदा ओठ सुजले किंवा श्वास अडकला तो घरी पुन्हा देऊन पाहायचाच नाही.

कोसलचा राजा प्रसेनजित अति जेवणाने सुस्त झाला होता, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. तथागतांनी त्याला ताटाकडे लक्ष ठेवून जेवायला सांगितले, हळूहळू तो हलका झाला. वही म्हणजे तेच लक्ष, कागदावर.

कधी थांबायचे नाही

• जीव द्यावासा वाटतो असे कोणी बोलले, निरोपाचे बोलू लागले.
• भास होतात, कोणी मारायला येते असे वाटते, दोन-तीन रात्री झोपच नाही.
• ताप, आकडी किंवा डोक्याच्या माराबरोबर माणूस बरळू लागला.
• काही खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला.
• बाळंतिणीचे वागणे अचानक बदलले.

अशा वेळी माणसाला एकटे सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आपल्याला जवळ कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आहे. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागही आहे. तिथे गेलेल्याला लगेच भरती करून ठेवतात ही भीती काढून टाका. फोनवर बोलायचे असेल तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा आपला हक्क ठरवला आहे.

विहारात चर्चेसाठी

१. आपल्या गल्लीत ‘बाहेरचं आहे’ असे कोणाबद्दल म्हटले जाते? तिचे हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ शेवटचे कधी तपासले?
२. वस्तीतले किती जण रसायनाच्या कामात आहेत? किती जणांकडे ईएसआय कार्ड आहे?
३. वास कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ आला, याची एक सामायिक वही विहारात ठेवता येईल का? दोन महिन्यांच्या तारीखवार नोंदी आणि पन्नास सह्या घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयात गेलो तर ‘आम्हाला त्रास होतो’ या तोंडी तक्रारीपेक्षा तिचे वजन जास्त पडते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.
४. मुलांच्या ताटात आठवड्यातून किती वेळा अंडे, मासे, कडधान्य आणि पालेभाजी येते?

पुढच्या पौर्णिमेपर्यंत निदान एका घराने एक वही भरावी आणि महिला मंडळाने एका बहिणीला तपासणीला नेऊन आणावे. ज्यांना विचारायचे आहे त्यांनी संकोच न करता ग्रंथवाचनानंतर थांबावे. आवाज खाली करण्याची गरज नाही. मनाचा आजार हा आजारच आहे आणि त्याची कारणे शोधता येतात.

नमो बुद्धाय, जय भीम!